दोन जणांचं विमान

अमरावतीत राजापेठेत माझं कूलरचं दुकान आहे. आमच्याकडे मे महिन्यात माणूस घरी जात नाही, कूलरपुढे जातो. घर त्या कूलरच्या मागे कुठंतरी असतं. माझ्या हातच्या एका कूलरने समोरच्या घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर ओढून घेतलं होतं. तिथून सुटलं तेव्हा वैशाख चालू होता, माझ्या जाळीला येऊन चिकटलं तेव्हा आषाढाचं पान उघडं होतं. खोटं वाटत असेल तर राजापेठेत विचारा. सगळे हेच सांगतील, कारण सगळ्यांना मीच सांगितलं आहे.

माझा मोठा भाऊ बार्शीटाकळीच्या पलीकडे शेती करायचा. वांगी, टोमॅटो, दसरा-दिवाळीला झेंडू. आम्ही भाजी-फुलंवाले लोक, पत्रा कापणारा घरात मी एकटाच निघालो. एकदा दादा दुकानात आला तेव्हा मी मोठा पंखा तपासायला हातगाडीवर बांधला होता. बटण दाबलं आणि हातगाडी आपली चालू लागली. फार नाही, हातभर. मी लोकांना सांगतो की ती बडनेऱ्यापर्यंत गेली, पण हातभरच गेली. दादा खाली बसून चाकं बघत राहिला.

"का बे," तो म्हणाला, "याच्यावर माणूस बसला तं?"

"माणूस बसला तर पंखा मोठा लागंल."

"मंग लाव ना मोठा. काहून बसून राहिला?"

विमान सुरू झालं ते असं. आधी कुणी नकाशे काढले, पुस्तकं वाचली, असं काही नाही. ते सगळं नंतर मोबाईलवर बघितलं, आणि बघितल्यावर कळलं की आम्ही आधी केलेलं निम्मं चुकलेलं आहे. मग ते मोडून पुन्हा केलं. तीन वर्षं गेली. कूलरचा धंदा होळीपासून मृगापर्यंत. बाकीचे दिवस मी शनिवारी एसटी धरायचो, अकोल्याला गाडी बदलायचो आणि रविवारी रात्री परत यायचो. सांगाड्याला दादाचे जुने स्प्रिंकलरचे ॲल्युमिनियमचे पाइप कामी आले. इंजिन अकोल्याच्या भंगारातून, एका छोट्या मोटारगाडीचं. पुढचं लाकडी पातं बैलबंडी बनवणाऱ्या सुताराने तासून दिलं. तो म्हणाला की आयुष्यात त्याने सरळ लाकूड वाकडं केलं ते पहिल्यांदाच, एरवी वाकडं सरळ करतो.

पंखांवर कापड चढवायचं असतं. ते चिकटवलं की वरून इस्त्री फिरवायची, म्हणजे ते आकसतं आणि ढोलकीसारखं ताणून बसतं. इस्त्री वहिनीची. आठवडाभर तिच्या घरात कुणाच्या अंगावर इस्त्रीचा कपडा नव्हता, विमान मात्र कडक. इस्त्री दादाच फिरवायचा. माझा हात जड आहे म्हणायचा, आणि स्वतःचा हात कसा, तर नांगराच्या मुठीसारखा. पण कापडावर तो अलगद चालायचा, झेंडूची फुलं तोडताना चालायचा तसा.

सीट दोन केल्या. शेजारी शेजारी. दादाची रुंद केली, कारण दादा बंडीत बसला की बैल मागे वळून बघायचे. दोघांना दोन दांडे, दोघांच्या पायाखाली पेडल, दोघांना पट्टे. मी म्हणालो, चालवणार एक जण, मग दोन दांडे कशाला? दादा म्हणाला, "तू गप्पा हाणत बसशीन तं कोणीतरी चालवाले पायजे ना."

आणि एकदा, इस्त्री करता करता, वर न बघता त्याने सांगितलं, "एक वेळ चाकं जमिनीहून सुटले पायजे. एकच वेळ. मंग मोडून पाइप ओलिताले लाव, माझं काही म्हणणं नाई."

दादा गेल्या पावसाळ्यात गेला. मोटर सुरू करायला विहिरीवर गेला, स्टार्टरच्या पेटीजवळ बसला आणि बसलेलाच राहिला. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, दम खातो आहे. मला फोन आला तेव्हा मी एका कूलरची टाकी रिबीट करत होतो. उरलेली चार रिबिटं मारली आणि मग निघालो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून मी समोसा खाल्ला. दोन खाल्ले. तेरवीला मी कॅलेंडरची गोष्ट सांगितली आणि माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, मोठ्या मनाचा आहे, सगळ्यांना धीर देतो. मनाचं मला माहीत नाही. मला सगळं शेजारच्या घरात चाललं आहे असं वाटत होतं, मध्ये भिंत, आणि भिंतीतून आवाज येतो आहे.

त्यानंतर मी नेहमीपेक्षा जास्त बोलू लागलो. गिऱ्हाईक पाणी प्यायला थांबलं तरी त्याला विमानाची गोष्ट. विमान उडेल तेव्हा शंभर फूट जाईल, मग दोनशे, मग इतकं जाईल की वरून एका डोळ्याला अमरावती दिसेल आणि एका डोळ्याला अकोला. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. कधी ठेचलं?" मला माहीत नव्हतं.

वहिनीने स्पष्टच सांगितलं होतं. दोघींच्या पोटासाठी, म्हणजे ती आणि तिची सासू, माझी आई, शेत तिलाच करायचं होतं. विमान पळवायला दादाने तुरीच्या कडेने चारशे पावलांची पट्टी मोकळी ठेवली होती, रोलर फिरवून कडक केलेली. चांगली काळी जमीन.

"भाऊजी, तूर सवंगली की पट्टी नांगरून टाकीन. कांदा लावाचा आहे."

"तोवर उडते वहिनी. गॅरंटी."

"तुमची गॅरंटी मले माहीत आहे."

म्हणजे तूर कापेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. उडवायचा सरकारी कागद माझ्याकडे नव्हता, तो अर्ज दिल्लीला कुठल्यातरी टेबलावर झोपला होता. जमिनीवर पळवायला कुणाची ना नव्हती. आणि पळता पळता चाकं सुटली तर त्याला मी काय करणार, असं मी आणि दादाने आधीच ठरवलं होतं.

वजन करणं राहिलं होतं. विमानाच्या प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा ठेवतात. तिन्ही आकडे मिळाले की कळतं भार कुठं आहे, पातं किती तासायचं, किती वेग लागेल. दादाचा शब्द होता, वजन अकोटच्या मापाऱ्याकडेच करायचं. हा मापारी तिथल्या एका जिनिंगच्या आवारात कापूस तोलतो, दादाचा जुना दोस्त. म्हणून नवरात्रात पंख काढून, सगळं ट्रॉलीवर बांधून, मी विमान अकोल्यावरून अकोटला नेलं. अकोल्याच्या चौकात एका म्हाताऱ्याने ट्रॉलीला हात जोडले. त्याला वाटलं देवीची आरास. मी वरून आशीर्वाद दिला.

आवारात पंख जोडले तेव्हा पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन आलेले चार-पाच शेतकरी भोवती जमले.

"कोणतं बियाणं होय हे भाऊ?"

"संकरित."

"फुटलं तं जोरात दिसते. काय भाव लागला?"

"तोलून तं होऊ द्या."

मापारी साठीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. त्याने दादाचं नाव काढलं नाही. तीन काटे लावले, तिन्ही चाकं चढवली, प्रत्येकापुढे उकिडवा बसून बघितलं, चिठ्ठीवर तीन आकडे लिहिले आणि घडी करून माझ्या खिशात घातली. मी त्याला सांगत होतो की या विमानाचा वारा अकोटला लागला तर जिनिंगला मशीन चालवायची गरज नाही, सरकी आपोआप सुटेल. तो हं हं करत राहिला. त्या चिठ्ठीवरून मी रात्री बसून सगळा हिशेब मांडला. विमान माझ्या अंदाजापेक्षा हलकं निघालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी चिठ्ठी दुकानातल्या आरशाच्या फटीत खोचली.

पहिल्यांदा पळवलं त्या दिवशी बायकोही आली होती. ती आणि वहिनी विहिरीजवळ उभ्या. मी पट्टे बांधले. शेजारची रुंद सीट रिकामी, तिचा दांडा माझ्या दांड्याबरोबर आपोआप हलत होता, कारण दोन्ही जोडलेले. इंजिन सुरू करून गती चढवली. विमान निघालं, धावलं, आणखी धावलं. वेग हिशेबात होता तितका आला. मी दांडा ओढला. शेजारचा दांडाही मागे आला. नाक जरा उचलल्यासारखं झालं आणि पुढे काहीच झालं नाही. चारशे पावलं संपली आणि मी तुरीत गेलो. अंगावर हिरव्या शेंगा आणि पिवळी फुलं पडली. इंजिन बंद झाल्यावर तुरीत एक किडा किरकिरत होता तेवढाच आवाज.

बायको धावत आली. मी धड आहे हे बघितल्यावर म्हणाली, "अहो, विमान बनवलं का तण काढायचा डवरा?"

वहिनी मागून आली. तिने मोडलेली झाडं मोजली नाहीत, नुसती बघितली. "चार ओळी तूर गेली," ती म्हणाली.

लोकांना मी सांगितलं, मुद्दाम खाली ठेवलं, वाऱ्याचा अंदाज घेतला. त्यानंतर दर रविवारी पळवलं. इंजिन दोनदा खोललं, पातं तासून घेतलं, टायरमध्ये हवा कमी-जास्त केली. चाकांचा जमिनीवरचा खडखडाट शेवटपर्यंत तसाच. तुरीच्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या. एका रविवारी परत येताना एसटीच्या खिडकीतून शेतं बघत होतो, माझ्या मांडीवर आरशातून काढून आणलेली ती चिठ्ठी होती, आणि मला वाटलं, काटाच चुकला असेल. पुढच्या रविवारी शेतात न जाता मी अकोटला गेलो.

मापारी चिडला. "माझं माप? तीस वर्ष झाले भाऊ, काट्यावर कोणी बोट नाई ठेवलं."

"तुमचं माप नाही, काका. काट्यात काही बिघाड..."

"काटा बरोबर आहे. मी सगळं व्यवस्थित वजा केलं होतं."

"काय वजा केलं?"

"गाडी." तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी कालच शहरातून आलो आहे. "माल गाडीवर आला की गाडी वजा कराव लागते ना? तुमच्या मालाखाली चाकं होते, दांडे होते, लोखंड होतं. ते काढून वरचा माल लिहिला."

"चाकांचं वजन तुम्हाला काय माहीत?"

"बंडी पाहूनच सांगतो मी. अंदाज कधी चुकत नाई. अन् मंग कट्टी."

कट्टी म्हणजे कापसाच्या वजनातून ओलीपायी, कचऱ्यापायी काही किलो कापायची चाल. शेतकरी तिच्यावर कायम चिडलेले असतात आणि ती कायम कापली जाते.

"विमानाला कट्टी, काका?"

"वर कापड होतं ना? म्हटलं, ओल धरली असंन."

मी हसलो. खरंच मोठ्याने हसलो, गोष्ट फारच चांगली होती, राजापेठेत दहा वर्षं पुरली असती. मापारी हसला नाही. तो काट्याच्या कडेचा कापूस बोटाने काढत बसला.

"तुमच्या दादाच्या मालाले मी कट्टी नाई लावली कधी," तो म्हणाला. "लावू देतच नव्हता. काट्यापाशी उभा राहे, अन् मी लिवाले बसलो की माझं मनगट धरे. 'लिव जितकं आहे तितकं.' आता कोणी धरलंच नाई. हात आपला चालत गेला."

तीन काट्यांचं मिळून चाळीस किलो कमी लिहिलं गेलं होतं. त्याने चहा सांगितला. आम्ही चहा प्यायलो. तो आणखी काहीतरी बोलेल असं वाटलं, पण एक बंडी आली आणि तो उठला.

चाळीस किलो विमानातून काढायचे. टाकीत पेट्रोल अर्धं ठेवलं तर काही निघतात. टाकीमागचा पत्रा काढला तर थोडे. बाकी सगळे एकाच ठिकाणी होते. रुंद सीट, तिच्याखालचा सांगाडा, दुसरा दांडा, पेडल, पट्टे. ते काढलं की आकडा जवळजवळ जुळतो. दादासाठी सगळं जाड केलेलं होतं.

पुढचे आठ दिवस मी दुकान बंद ठेवून शेतातच राहिलो. तूर सवंगायला माणसं सांगितलेली. मी सकाळी पाना घेऊन विमानापाशी जायचो आणि दुपारी पाना घेऊन परत यायचो. रडायचो वगैरे अजिबात नाही. वाईट वाटलं असतं तर पंचाईत नव्हती, वाईट वाटून घेतलं असतं आणि बोल्ट काढले असते. पाना बोल्टावर बसवायचो आणि तिथंच विसरायचो की पुढे फिरवायचं असतं.

सातव्या दिवशी वहिनी आली.

"काय करून राहिले भाऊजी?"

"बोल्ट नाही निघत."

"गंजले काय?"

"नाही. खालून कुणी नट धरावा लागतो. एकट्याने फिरवलं तर दोन्ही सोबत फिरतात." हे खरं होतं. खालून दादा धरायचा.

तिने पदर कमरेला खोचला आणि विमानाखाली, त्या काळ्या मातीत, पाठीवर आडवी झाली. "कोणता?"

मी दुसरा पाना खाली दिला. आठ बोल्ट होते. ती खालून 'हं' म्हणायची, मी वरून फिरवायचो. मला तिचे फक्त पाय दिसत होते, टाचांना मातीच्या भेगा. पाचव्याला तिने विचारलं, "हे त्यायची सीट होय ना?"

"होय."

पाना नटावर होता, हे मला वरून कळत होतं.

"रुंद केली तुमी."

"हो. दादा मावला पाहिजे म्हणून."

"मावले असते," ती म्हणाली. "हं. फिरवा."

सीट निघाल्यावर तिने ती एकटीने उचलून गोठ्यात नेली. मी तिथं सपाट जागेकडे बघत उभा होतो, आठ भोकं आणि कापलेली एक वायर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पळवलं. वारा नव्हता. तूर अजून उभी होती, माणसं दोन दिवसांनी यायची होती. वहिनी विहिरीवर, तुरीच्या पलीकडे. तिथून तिला माझं डोकं आणि वरचा पंख दिसत असणार, खालचं सगळं तुरीआड. मी निघालो. चाकांचा खडखडाट, सांगाड्याचा खडखडाट, माझ्या दातांचा. वेग आला. दांडा ओढला, एकच दांडा, आणि खडखडाट थांबला.

कायद्याच्या दृष्टीने मी असं लिहितो की विमान वर गेलं नाही, जमीनच जरा खाली गेली. मी एक, दोन, तीन असे आकडे मोजले. खाली बघितलं तर चाकांची सावली चाकांना चिकटलेली नव्हती, मध्ये मातीची एक पट्टी दिसत होती. मग मी दांडा पुढे केला, खडखडाट परत सुरू झाला, आणि पट्टी संपायच्या आत मी थांबलो.

इंजिन बंद केलं. तिथंच बसून राहिलो. काहीतरी येईल म्हणून वाट बघत होतो, घशाशी किंवा डोळ्यांत, लोक सांगतात तसं. इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं. दादाला काहीतरी म्हणावं असंही वाटलं नाही. हातात दांडा होता आणि हात माझा आहे हे मी बघून ठरवलं.

वहिनी तुरीतून वाट काढत आली. केसांत तुरीचं वाळलेलं पान.

"सुटले काय चाकं?" तिने विचारलं. "मले तुरीतून दिसलं नाई."

माझ्या डोक्यात तीनशे फूट तयार होते. सातपुड्याचे डोंगर, वरून दिसणारी काटेपूर्णा, एका डोळ्याला अमरावती. सगळं पाठ होतं.

"सुटले," मी म्हणालो.

"किती?"

"चार बोटं."

ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदा डोळ्यांकडे, मग विमानाच्या चाकांकडे, मग परत माझ्याकडे.

"तुमी चार बोटं म्हणून राहिले?"

"होय."

"मंग सुटले," ती म्हणाली.

ती बांधावर बसली. मी उतरून तिच्या शेजारी, हातभर अंतर सोडून बसलो. पलीकडच्या शेतात कुणीतरी मोटर सुरू केली, पाण्याचा आवाज आला.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

"काहीच नाही वाटलं, वहिनी."

"मले बी काही नाई वाटून राहिलं," ती म्हणाली. "वाटलं होतं, वाटंल." पदराने तिने हातावरचं ऑइल पुसलं, ते निघालं नाही. "सासूबाईले सांगतो मी. त्यायले बरं वाटंल."

"सांगा."

"सोमवारी ट्रॅक्टर सांगितला आहे. विमान बाजूले घ्याव लागंल."

"घेऊ."

"आताच घेऊ. मंग मजूर येते, मले वेळ नाई."

आम्ही उठलो. एका पंखाशी ती, दुसऱ्याशी मी. हलकं झालं होतं, लवकर सरकलं. ती म्हणाली, गोठ्याकडे नको, तिथं म्हैस बिथरते, बाभळीखाली घ्या. बाभळीखाली घेतलं. चाकांना दगड लावले. ती विहिरीकडे गेली आणि मी अकोल्याच्या गाडीची वेळ बघायला रस्त्याकडे निघालो.